आबा टिपरेंच्या सुरकुत्या कुठे गेल्या? जुन्या विनोदी मालिका आणि एआयचं ‘एचडी’

दिवाळीला धारूरला घरी गेलो होतो. पुण्यात आठवडाभर स्क्रीनसमोर बसायचं आणि सुट्टीत घरी येऊन पुन्हा आजीला फोनवर काहीतरी लावून द्यायचं, हे आता ठरलेलंच. या वेळी मला एक रील सापडली. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधला एक प्रसंग, आणि वर मोठ्या अक्षरांत ‘४के एआय रिमास्टर’. मी लहान असताना ही मालिका आमच्याकडे केबलवर अख्खं घर एकत्र बसून बघायचं. म्हटलं, आजी खूश होईल.

आजीने चष्मा लावला, फोन जवळ घेतला, पाच-दहा सेकंद पाहिलं आणि म्हणाली, “आरं, हे आबा नव्हंत. तोंडावरनं इस्त्री फिरवलीय का ह्यांच्या?”

मी हसलो. पण ती बरोबर होती. आबांच्या कपाळावरच्या आठ्या गायब होत्या. डोळ्यांखालच्या सुरकुत्या गायब होत्या. मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मराठी अक्षरांच्या जागी कुठल्याच भाषेत नसलेली चिन्हं होती. चित्र मात्र एकदम चकचकीत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे असं काही दिसलं की ते नेमकं कुठे बिघडलं हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. शोधत गेलो तेव्हा लक्षात आलं की याचं उत्तर आजच्या एआयमध्ये अर्धंच आहे. उरलेलं अर्धं उत्तर ही मालिका ज्या काळी शूट झाली त्या काळच्या पडद्यामागच्या कामात आहे. कॅमेरा कुठला होता, रेकॉर्डिंग कशावर झालं, ते नंतर कुणी जपलं? हे तेव्हाचे छोटे वाटणारे निर्णय आज तुमच्या फोनवर काय दिसेल ते ठरवतात.

हा विषय आत्ताच का?

कारण गेल्या वर्ष-दीड वर्षात या विषयावर बरंच काही घडलंय.

२०२५ च्या सुरुवातीला नेटफ्लिक्सवर ‘अ डिफरंट वर्ल्ड’ ही १९८७ ते १९९३ मधली अमेरिकन विनोदी मालिका ‘एचडी’त आली आणि लोकांनी स्क्रीनशॉट टाकायला सुरुवात केली. चेहरे वितळल्यासारखे, मागच्या पाट्यांवरची अक्षरं विचित्र. जुन्या व्हिडिओवर एआय अपस्केलिंग केल्याची लक्षणं होती ती. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती एआयने शेवट बदलून पुन्हा थिएटरात आली. दिग्दर्शक आनंद एल. राय यांनी उघड विरोध केला, तरी ती लागली. डिसेंबर २०२५ मध्ये एचबीओ मॅक्सवर ‘मॅड मेन’ ४के मध्ये आली, आणि एका उलटीच्या दृश्यात बाजूला नळी धरून बसलेला क्रू मेंबर सगळ्या जगाला दिसला. मूळ प्रक्षेपणात तो डिजिटली काढून टाकलेला होता. नव्या आवृत्तीत ती पायरी राहून गेली.

आपल्याकडे प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात ‘वेव्हज’ हे स्वतःचं ओटीटी सुरू केलं. दूरदर्शनच्या जुन्या मालिका फोनवर मिळणं हे त्याचं मोठं आकर्षण. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ज्येष्ठ अभिनेते बाळ कर्वे वयाच्या ९५ व्या वर्षी गेले. त्या दिवशी सगळीकडे एकच नाव होतं, गुंड्याभाऊ. माझ्या वयाच्या कितीतरी मुलांनी त्या दिवशी पहिल्यांदा ‘चिमणराव’ हा शब्द सर्च केला असेल. मीसुद्धा केला.

शोधताना माझ्या हाती मोजकेच, धूसर, काळे-पांढरे तुकडे लागले. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

वरळीचा स्टुडिओ

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात वरळीच्या केंद्रातून ‘चिमणराव’ आली. मराठी टीव्हीवरच्या अगदी पहिल्या मालिकांपैकी ही एक. कथा चि. वि. जोशींच्या. म्हणजे बडोद्याला पाली भाषा शिकवणाऱ्या प्राध्यापकाने टीव्ही येण्याच्या कितीतरी आधी लिहिलेल्या. चिमणराव झाले दिलीप प्रभावळकर, तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेले. गुंड्याभाऊ झाले बाळ कर्वे, जे पेशाने इंजिनिअर होते आणि मुंबई महापालिकेत नोकरी सांभाळून नाटक करायचे. (आमच्या क्षेत्रातला माणूस म्हणून मला याचं विशेष कौतुक.)

आज आपण रील शूट करताना वीस टेक घेतो, आवडेल तो ठेवतो, कापतो, जोडतो. तेव्हाच्या स्टुडिओत हे शक्य नव्हतं. टीव्हीच्या स्टुडिओ पद्धतीत दोन-तीन मोठाले कॅमेरे एकाच वेळी चालू असतात. ते सगळे केबलने वरच्या कंट्रोल रूमला जोडलेले. तिथे बसलेला निर्माता पॅनलवर बटणं दाबून ठरवतो की आत्ता कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र घ्यायचं. म्हणजे एडिटिंग शूटिंग चालू असतानाच होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर लाइव्ह स्ट्रीम करताना कॅमेरा स्विच करतात ना, तसंच.

जे चित्र निवडलं जाईल ते थेट टेपवर जायचं. त्या काळची स्टुडिओची टेप दोन इंच रुंद, जड आणि महाग. तिच्यावर कापाकापी करणं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही. म्हणून उपाय एकच, आधी भरपूर तालमी करायच्या आणि मग सलग प्रसंग रेकॉर्ड करायचा. नाटकातून आलेली माणसं इथे उपयोगी पडली, कारण त्यांना न थांबता अंक करायची सवय होती. जुन्या मालिकांमध्ये एखादा शब्द अडखळतो, मागे काहीतरी पडल्याचा आवाज येतो आणि तरी प्रसंग पुढे जातो. तो निष्काळजीपणा नव्हता. पुन्हा सुरुवातीपासून करणं परवडत नसे, म्हणून ते तसं राहिलं.

फिल्म की टेप? सगळा खेळ इथेच

आता जरा अमेरिकेत जाऊ. १९५१ मध्ये ‘आय लव्ह लूसी’ सुरू होणार होती. तेव्हाची रीत अशी की कार्यक्रम न्यूयॉर्कहून लाइव्ह करायचा आणि बाकी शहरांसाठी टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा ठेवून त्याची धूसर नक्कल काढायची. लूसील बॉल आणि तिचा नवरा देसी आर्नाझ यांना लॉस एंजेलिस सोडायचं नव्हतं. त्यांनी सांगितलं, आम्ही सिनेमासारखं ३५ मिमी फिल्मवर शूट करतो, तीन कॅमेरे लावतो आणि प्रेक्षकही समोर बसवतो. खर्च वाढणार होता. तो भागवायला त्यांनी स्वतःचं मानधन कमी घेतलं आणि बदल्यात त्या फिल्मची मालकी मागितली. चॅनलला तेव्हा वाटलं, एकदा दाखवून झालेल्या भागांची मालकी घेऊन हे काय करणार?

त्या फिल्मवरूनच पुढे पुनःप्रक्षेपणाचा अख्खा धंदा उभा राहिला.

‘सेनफेल्ड’ आणि ‘फ्रेंड्स’ सुद्धा ३५ मिमी फिल्मवर शूट झाल्या. फिल्मच्या रिळात एवढा तपशील असतो की नव्वदच्या दशकातलं रीळ आज नव्याने स्कॅन केलं तर खरंखुरं एचडी निघतं. तेव्हाच्या टीव्हीला तो तपशील दाखवता येत नव्हता, पण रिळात तो होता. म्हणून ‘फ्रेंड्स’ आज तुमच्या फोनवर काल शूट केल्यासारखी दिसते.

टेपचं तसं नाही. टेपवर चित्र नसतं, चित्राचा सिग्नल असतो. तो कॅमेऱ्यातून निघतानाच टीव्हीच्या मापाचा असतो. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीवर दिसणाऱ्या रेषा ५७६. डिजिटल मापात ७२० गुणिले ५७६. गुणाकार करा : ४,१४,७२० पिक्सेल. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल.

बरोबर पाचपट.

म्हणजे टेपवरची मालिका कुणी ‘फुल एचडी’ म्हणून दाखवली तर पाचपैकी चार पिक्सेल मूळ टेपवर नव्हतेच. ‘४के’ म्हणून दाखवली तर वीसपैकी एकोणीस नव्हते. ते सॉफ्टवेअरने भरलेले आहेत. साधं सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढून भरतं, म्हणून चित्र मऊ दिसतं. एआयचं सॉफ्टवेअर आधी पाहिलेल्या लाखो चेहऱ्यांवरून ‘इथे साधारण काय असेल’ असा अंदाज करून भरतं, म्हणून चित्र तीक्ष्ण दिसतं. पण तीक्ष्ण दिसतं म्हणून ते खरं असतंच असं नाही.

आजीने ओळखलं ते हेच. आबांच्या गालावर जिथे सुरकुतीचे तीन-चार पिक्सेल होते, तिथे मॉडेलला वाटलं हा टेपचा खराब आवाज आहे. त्याने तो साफ केला.

मी स्वतः करून पाहिलं

नुसतं आजीच्या म्हणण्यावर लेख लिहायला नको म्हणून मी त्याच प्रसंगाची साधी, जुन्या मापाची क्लिप घेतली आणि लॅपटॉपवर एका फुकट मिळणाऱ्या अपस्केलिंग टूलमधून काढली. आमच्याकडे दुपारी लाइट जाते, त्यामुळे चाळीस सेकंदांच्या क्लिपला दीड दिवस लागला.

तीन गोष्टी दिसल्या. कुणी कॅमेऱ्याच्या जवळ असेल तर चेहरा बऱ्यापैकी टिकला, कारण मूळ पिक्सेल जास्त होते. मागे उभं असलेलं माणूस मात्र दर सेकंदाला थोडं थोडं बदलत होतं. कधी नाक सरळ, कधी बसकं. आणि आबा तरुण झाले.

तिसरी गोष्ट मला जास्त लागली. २००१ मध्ये ही मालिका सुरू झाली तेव्हा प्रभावळकर सत्तावन्न वर्षांचे होते. आबा त्यांच्यापेक्षा बरेच म्हातारे. ते म्हातारपण मेकअप करणाऱ्याने, केसांच्या रंगाने, चष्म्याने, आणि त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्याच्या स्नायूंनी घडवलेलं होतं. ही भूमिका त्यांनी आधी लिहूनही काढली होती. मालिका ज्यावर आधारलेली ते ‘अनुदिनी’ हे रोजनिशीच्या रूपातलं लेखन त्यांचंच, दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. एवढ्या लोकांनी मिळून माणूस म्हातारा केला, आणि एका मॉडेलने चाळीस सेकंदांत ते सगळं पुसून ‘क्वालिटी सुधारली’ असं सांगितलं.

परत मिळवणं आणि नव्याने बनवणं

म्हणजे तंत्रज्ञान वाईट का? नाही. उलट तंत्रज्ञानाने काय करता येतं याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण एका विनोदी मालिकेचंच आहे.

बीबीसीची ‘डॅड्स आर्मी’, १९६८ ते १९७७. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत कित्येक कार्यक्रमांच्या टेप पुसून पुन्हा वापरल्या. या मालिकेचे तीन भाग आजही सापडलेले नाहीत. १९६९ चा एक भाग रंगीत बनला होता, पण शिल्लक राहिली ती फक्त काळी-पांढरी फिल्म. आता गंमत बघा. त्या फिल्मवर बारीक ठिपक्यांची एक जाळी दिसायची. सगळे तिला खराबी समजत होते. इंजिनिअरांच्या लक्षात आलं की हे ठिपके म्हणजे रंगाचा सिग्नल आहे. रंगीत प्रक्षेपणाची काळी-पांढरी नक्कल काढताना तो चुकून फिल्मवर उमटला होता. त्यांनी सॉफ्टवेअर लिहिलं, ठिपके वाचले, आणि २००८ मध्ये तो भाग पुन्हा रंगीत दाखवला गेला. सैनिकाच्या कोटाचा रंग काय असेल हे सॉफ्टवेअरला स्वतःच्या मनाने ठरवावं लागलं नाही. तो रंग फिल्मवर आधीपासून होता, फक्त वाचायचा राहिला होता.

माझ्या मते या सगळ्या चर्चेतला हा एकच फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. जे होतं ते परत मिळवलं, की जे नव्हतं ते नव्याने बनवलं? पहिल्याला दुरुस्ती म्हणायचं. दुसऱ्याला कल्पनाचित्र म्हणा, पण ‘रिमास्टर’ म्हणू नका.

दुरुस्तीत करण्यासारखं खूप आहे. जुना व्हिडिओ आपल्याकडे सेकंदाला पन्नास अर्ध्या चित्रांत असायचा. आधी १, ३, ५ अशा रेषा, मग २, ४, ६. ते नीट न जुळवता अपलोड केलं की हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. हे नीट सोडवलं तर चित्र एकदम स्वच्छ होतं, आणि त्यासाठी नवा चेहरा बनवावा लागत नाही. आवाजातली घरघर काढता येते. सबटायटल्स देता येतात. अशी कामं कुणी मराठी मालिकांवर मनापासून केली तर मी पैसे देऊन बघेन.

चौकट कुणी कापली?

पिक्सेलएवढाच दुसरा प्रश्न चौकटीचा. जुना टीव्ही जवळपास चौकोनी, ४:३ चा. तुमचा फोन आडवा धरला तर लांबट, उभा धरला तर रीलचा.

‘फ्रेंड्स’ला लांबट करताना फिल्मच्या कडेचा, मूळ न दाखवलेला भाग उघडला गेला. काही दृश्यांत मुख्य नटीच्या जागी उभी केलेली दुसरीच बाई दिसू लागली. २०२१ मध्ये ‘सेनफेल्ड’ नेटफ्लिक्सवर आली तेव्हा वर-खालचा भाग कापलेला होता. एका भागात विनोद रस्त्यावरच्या खड्ड्यावर आहे, आणि खड्डाच चौकटीबाहेर गेला! खड्डा नसलेला रस्ता आपल्याकडे विनोद ठरला असता, तिकडे विनोदच गेला.

गणित सोपं आहे. ४:३ चं चित्र लांबट १६:९ मध्ये भरायचं तर उंचीचा पाव भाग जातो. उभ्या रीलमध्ये भरायचं तर रुंदीतला फक्त ४२ टक्के भाग उरतो. अर्ध्याहून जास्त चित्र फेकलं.

आता चिमणराव आणि गुंड्याभाऊ डोळ्यांपुढे आणा. एक किडकिडीत, घाबरट. दुसरा आडदांड, मिशाळ. हसू येतं ते दोघं शेजारी उभे राहिल्यावर. गुंड्याभाऊ बोलत असतो आणि आपण चिमणरावाच्या चेहऱ्याकडे बघत असतो. ४२ टक्क्यांत दोघं मावत नाहीत. टिपऱ्यांच्या घरात जेवायला पाच माणसं बसतात : आबा, शेखर, श्यामला, शलाका आणि शिऱ्या. शिऱ्या काहीतरी बरळतो आणि उरलेले चौघं एकमेकांकडे बघतात. रीलमध्ये नुसता शिऱ्या दिसतो. मग खाली कमेंट येते, ‘यात हसण्यासारखं काय आहे?’ खरंच, काहीच उरलेलं नसतं.

जे आमच्यापर्यंत आलंच नाही

आता पुन्हा धारूर. माझ्या वडिलांना मी विचारलं, चिमणराव बघायचात का? ते म्हणाले, “टीव्ही कुठं होता?” सत्तरच्या दशकात मुंबई केंद्राचं चित्र मुंबईच्या आसपास आणि सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे पुण्याकडे दिसायचं. बालाघाटच्या डोंगरात, किल्ल्याच्या पायथ्याशी, अँटेना आकाशाला टेकवला असता तरी मुंग्याच दिसल्या असत्या. त्यामुळे ज्याला सगळे ‘मराठी माणसाची लाडकी मालिका’ म्हणतात, ती मराठवाड्यातल्या बहुतेक मराठी माणसांनी तेव्हा पाहिलेलीच नाही. मुंबई-पुण्याकडे तिच्या आठवणी तरी आहेत. आमच्याकडे त्याही नाहीत. आमच्यासाठी ती मालिका म्हणजे फक्त टेप. टेप असेल तर मालिका आहे.

आणि टेप पुसल्या जायच्या. महाग होत्या, परदेशातून यायच्या, ठेवायला जागा आणि थंड हवा लागायची. बीबीसीसारख्या संस्थेने पुसल्या, तसं आपल्या दूरदर्शनवरही कित्येक टेप पुन्हा वापरात आल्या. त्या लोकांना दोष देणं सोपं आहे. पण एकदा लागून गेलेला कार्यक्रम पन्नास वर्षांनी कुणीतरी खिशातल्या फोनवर बघेल, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नात असणार?

आमच्या घरातही हे झालंय. आत्याच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती. एप्रिल १९९८ मध्ये शारजात सचिन ऑस्ट्रेलियाला धुत होता तेव्हा काकांना कोरी कॅसेट मिळेना. त्यांनी लग्नाची लावली. ‘फक्त शेवटचा भाग जाईल’ असं त्यांना वाटलं. मंगलाष्टकं चालू असतात आणि मध्येच वाळूचं वादळ येतं. आजोबा त्या लग्नात बोललेले, ते वादळानंतर होतं. घरातल्या दुसऱ्या कुठल्याच कॅसेटवर आजोबांचा आवाज नाही.

काका आजही दिवाळीला हा विषय निघाला की उठून अंगणात जातात.

आता दुसऱ्यांदा पुसायचं की नाही?

माझा मुद्दा इथे येऊन थांबतो. टेप पुसली गेली तेव्हा निदान कळायचं की काहीतरी गेलं. एआयने पुसलं की कळत नाही, कारण जागा रिकामी दिसत नाही. तिथे चकचकीत चेहरा असतो. उद्या गुगलवर ‘टिपरे’ शोधल्यावर पहिल्या दहा निकालांत इस्त्री केलेले आबा आले, तर दहा वर्षांनी कुणाला वाटेल हेच मूळ. पुढची मॉडेल्स त्यावरच शिकतील.

कायद्यात थोडा आधार आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकारालाही आपल्या कामाची प्रतिष्ठेला धक्का देणारी मोडतोड झाली तर हरकत घेता येते. पण शेकडो अनोळखी अकाउंटवरच्या रीलविरुद्ध वयस्कर कलाकार कोर्टात जातील, ही अपेक्षा ठेवणं बरोबर नाही. म्हणून मागणी प्लॅटफॉर्मकडे आणि मालिकांची मालकी असलेल्यांकडे करायला हवी. मागण्या तीनच. एआयने चित्र वाढवलं असेल तर तसं स्पष्ट लिहा. मूळ ४:३ आवृत्ती शेजारी उपलब्ध ठेवा. आणि अपस्केल केलेली फाइल बनवून मूळ टेपची डिजिटल प्रत कधीही टाकून देऊ नका. स्टोरेज आज टेपपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. १९७७ ची सबब २०२६ मध्ये चालणार नाही.

तुम्ही-आम्ही काय करायचं?

• जुनी मालिका अधिकृत अ‍ॅपवर मूळ मापात बघा. ‘झी५’वर टिपरे आहे. बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या तर वैतागू नका, याचा अर्थ चित्र पूर्ण आहे. दोन बोटांनी झूम करून पट्ट्या घालवल्या की डोकी कापली जातात.

• ‘४के रिमास्टर’ दिसलं की तीन ठिकाणी बघा : मागच्या पाट्यांवरची अक्षरं, मागे उभ्या माणसांचे चेहरे, हातांची बोटं. एआयचा अंदाज तिथे पकडला जातो.

• घरात कॅसेट असतील तर या वर्षीच डिजिटल करून घ्या. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई २०१६ मध्ये थांबली, म्हणजे चालू मशीन दरवर्षी कमीच होणार. टेपवरचा चुंबकीय थरही दमट हवेने सुटतो.

• दुकानदाराला सांगा, ‘मूळ मापात द्या, ७२० गुणिले ५७६, एचडी करू नका.’ तो आग्रह करेल. दोन्ही घ्या, पण मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत ही प्रत धरू नका, ती आणखी दाबलेली असते.

• स्वतः एआय क्लिप बनवून टाकत असाल तर खाली तसं लिहा. एक ओळ पुरते.

आत्याच्या लग्नाची ती कॅसेट मी पुण्याला आणून डिजिटल करून घेतली आहे. आजोबांचा अठरा सेकंदांचा एक शॉट मिळाला, वादळाच्या आधीचा. मांडवाच्या खांबाला टेकून उभे आहेत, चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा, धूसर. दुकानदार म्हणाला, “पाचशे रुपये जास्त द्या, एकदम क्लिअर करून देतो.”

मी नको म्हणालो. आजीला तशीच दाखवली. तिने बराच वेळ फोन हातात धरला, मग बोट लावून म्हणाली, “हे बघ, हेच. टोपी तिरकी.”